पानाच्या टोकाने चढणारी वेल आणि तिचे गवतांशी नाते

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडोदऱ्यातील दांडिया बाजार भागात राहणाऱ्या एका भगिनींच्या दिरांनी कोचीजवळच्या एका रोपवाटिकेतून एक वेल आणली. तिचे खोड बोरूसारखे गुळगुळीत व टणक आहे, पाने बांबूच्या पानांसारखी लांबट आहेत आणि प्रत्येक पानाचे टोक आपोआप गुंडाळले जाऊन जवळच्या दोरीला धरून बसते. त्यांच्या माळ्याने ती वेताची वेल असल्याचे सांगितले, आयुर्वेदाचे शिक्षण घेणाऱ्या शेजारच्या मुलाने ती कळलावी असून घरात ठेवू नये असे बजावले, आणि आणखी कोणीतरी ती ‘गवताची बहीण’ असल्याचे म्हटले. यांपैकी खरे काय, घरात लहान मूल असताना ती ठेवावी का, वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात ती जगेल का आणि तिची फांदी खोचून दुसरे रोप करता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

आपले वर्णन आणि सोबतची छायाचित्रे पाहता ही वेल फ्लॅजेलारिया इंडिका आहे, याविषयी मला शंका वाटत नाही. ती वेत नाही, कळलावीही नाही. ‘गवताची बहीण’ हे म्हणणे मात्र सत्याच्या बरेच जवळचे आहे. फार तर चुलत बहीण म्हणावे, कारण सख्ख्या बहिणीचा मान वनस्पतिशास्त्रात दुसऱ्याच कुलांकडे जातो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहितो. आधी ओळखीची खात्री करून घेऊ, कारण ती चुकली तर पुढचा सल्ला निरुपयोगी ठरतो, आणि कळलावीच्या बाबतीत तर धोक्याचाही ठरू शकतो.

वेताचा प्रश्न लवकर निकालात निघतो. खुर्च्यांसाठी वापरला जाणारा वेत हा ताडामाडांच्या कुलातील आहे. त्याचे पान नारळाच्या झावळीप्रमाणे पिसासारखे विभागलेले असते आणि पानाचे आवरण, देठ, चढण्याचे चाबकासारखे अवयव यांवर काटे असतात. वेत आधाराला वेटोळे घालत नाही, काट्यांच्या आकड्यांनी अडकून वर जातो. आपल्या वेलीचे पान अखंड आहे आणि काटा कुठेच नाही. तरीही माळ्याच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. मलेशिया-इंडोनेशियाच्या प्रदेशात या वेलीला ‘उंदराचा वेत’ अशा अर्थाचे नाव आहे, आणि पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटे वगैरे ठिकाणी तिची खोडे चिरून त्यांच्या पट्ट्यांनी टोपल्या विणतात, मासे पकडण्याचे सापळे करतात आणि घराचे वासे बांधतात. म्हणजे काम वेताचेच, जात निराळी.

कळलावीशी होणारी गल्लत अधिक समजण्यासारखी आहे, कारण पानाच्या टोकाचा तणावा, म्हणजे आधाराला गुंडाळून धरणारा अवयव, होणे हे लक्षण दोघींतही आहे आणि वनस्पतींत ते फारसे आढळत नाही. फरक मात्र अनेक आहेत. कळलावीचे खोड मऊ, रसदार असते आणि पान देठाशिवाय थेट खोडाला चिकटलेले असते; खोडाला वेढणारी नळी तिच्या पानाला नसते. फ्लॅजेलारियाच्या पानाचा तळ खोडाभोवती पूर्ण बंद नळीसारखे आवरण तयार करतो आणि त्या नळीच्या तोंडाशी, पाते सुरू होते तिथे, दोन लहान कानासारखे भाग दिसतात. कळलावी ही पावसाळी वेल आहे. पहिल्या पावसाबरोबर ती कंदातून उगवते आणि दिवाळीच्या आगेमागे पिवळी पडून जमिनीवरचा सगळा भाग वाळून जातो. आपली वेल हिवाळाभर हिरवी राहिली असे आपण लिहिले आहे. एवढ्या एका गोष्टीवरूनही निर्णय देता येतो. कुंडीतील माती बाजूला करून पाहिल्यास कळलावीचा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या किंवा नांगराच्या आकाराचा गुळगुळीत कंद सापडेल, तर फ्लॅजेलारियाचे जमिनीखालचे आडवे, गाठाळ खोड आणि त्याला फुटलेली तंतुमय मुळे दिसतील.

घोटवेल हा तिसरा संशयित असू शकतो. तिचे तणावे पानाच्या टोकाला नसून देठाच्या तळाशी जोडीने येतात, आणि पानात शिरांचे जाळे असते. आपल्या वेलीत शिरा पानाच्या लांबीला समांतर धावतात, ज्वारीच्या पानात धावतात तशा. बांबूच्या काही जातीही झाडांवर चढतात. अंदमानात अशी एक जात आहे. पण त्या नुसत्या इतर झाडांवर रेलत, खरखरीत आवरणांच्या साहाय्याने वर जातात. त्यांच्या पानाला तणावा येत नाही.

लहान मुलाविषयीची आपली काळजी रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर शेवटावर ढकलत नाही. कळलावीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसीन हे तीव्र विष असते. ती वेल मूल असलेल्या घरात नसावी, हे शेजारच्या मुलाचे म्हणणे कळलावीपुरते पूर्ण योग्य आहे. फ्लॅजेलारियात कोल्चिसीन नसते. तिच्यात, मुख्यतः कोवळ्या कोंबांत, सायनाइड निर्माण करू शकणारी संयुगे आढळतात. पेशी चिरडल्या गेल्या की ती संयुगे फुटून अल्प प्रमाणात हायड्रोजन सायनाइड सुटतो. कोवळ्या ज्वारीचे फुटवे खाऊन गुरांना जी विषबाधा होते तिचीही रीत हीच, मात्र ज्वारीतील संयुग वेगळे आहे. (यावरून गवतांशी नाते सिद्ध होते असे कोणी समजू नये, सायनाइड तयार करण्याची युक्ती वनस्पतींच्या एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक कुलांत आढळते.) वेलीला हात लावल्याने काहीही होत नाही. कोंब आणि लाल फळे मुलाच्या तोंडात जाणार नाहीत अशा उंचीवर कुंडी ठेवावी, आणि मुलाने कोंब चघळलाच तर घरगुती उपाय करत न बसता त्याला डॉक्टरांकडे न्यावे. गुरे किंवा बकऱ्या असलेल्या अंगणात छाटलेले कोंब टाकू नयेत.

आता नात्याविषयी. फ्लॅजेलारियासी या कुलात आज फ्लॅजेलारिया ही एकच प्रजाती उरली आहे आणि तिच्यात चार ते पाच जाती धरल्या जातात. फ्लॅजेलारिया इंडिका सर्वांत दूरवर पसरलेली आहे. भारतात ती केरळच्या किनारपट्टीवर, सुंदरबनात आणि अंदमान-निकोबारमध्ये आढळते. तेथून पुढे आग्नेय आशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक बेटांपर्यंत तिचा विस्तार आहे. एक जात आफ्रिकेत आहे, उरलेल्या न्यू गिनी, न्यू कॅलेडोनिया आणि आसपासच्या बेटांवर. अमेरिका खंडात या कुलाची एकही जात रानटी अवस्थेत नाही.

आपली वेल कोचीहून आली हा एक सुरेख योगायोग आहे. सतराव्या शतकात डच कंपनीचे मलबारातील अधिकारी व्हॅन ऱ्हीडे यांनी तेथील वनस्पतींची वर्णने व चित्रे तयार करवून घेतली, ती १६७८ ते १६९३ या काळात ‘हॉर्टस मलाबारिकस’ या नावाने बारा खंडांत ॲमस्टरडॅमला छापली गेली, आणि त्यांत ही वेल तिच्या ‘पनंबू-वल्ली’ या मलबारी नावाने आली आहे. त्या कामात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मणही होते, आणि त्यांचे देवनागरी लिपीतील कोकणी निवेदन पहिल्या खंडात छापलेले आहे. पुढे १७५३ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने वेलीला आजचे शास्त्रीय नाव दिले.

कुलाची व्याप्ती पूर्वी मोठी होती. जॉइनव्हिलिया आणि हँगुआना या दोन प्रजातीही फ्लॅजेलारियाबरोबर याच कुलात टाकल्या जात. तिघींना एकत्र ठेवण्यामागे निश्चित साम्यापेक्षा ‘इतरत्र कुठे बसत नाहीत’ हीच भावना अधिक होती, असे माझे मत आहे. जुन्या वर्गीकरणात अशी अडगळीची खोली बऱ्याच ठिकाणी सापडते. जॉइनव्हिलियाला १९७० मध्ये स्वतंत्र कुल मिळाले. हँगुआना तर फारच दूरची निघाली. तिचे स्थान आज केना ज्या गणात येतो त्या गणात आहे. डीएनएच्या क्रमावर आधारलेले अभ्यास १९९० नंतर होऊ लागले तेव्हा चित्र बरेच स्पष्ट झाले. गवते, लव्हाळे, पाणकणीस आणि अननस या सर्वांचा एक मोठा गण आहे. त्यात गवतांच्या अगदी निकट चार कुलांचा एक गट बनतो: स्वतः गवते, पश्चिम ऑस्ट्रेलियातील एक्डिओकोलिएसी, पॅसिफिक व मलेशियाच्या प्रदेशातील जॉइनव्हिलिएसी आणि आपली फ्लॅजेलारियासी. या गटाच्या वंशवृक्षात सर्वांत आधी वेगळी झालेली फांदी फ्लॅजेलारियाची आहे. एक्डिओकोलिएसी आणि जॉइनव्हिलिएसी गवतांना अधिक जवळच्या, म्हणून वर मी चुलत नात्याचा शब्द वापरला.

हे नाते डोळ्यांना दिसते का, असा प्रश्न स्वाभाविकपणे येतो, आणि त्याचे उत्तर देताना पुष्कळजण चुकीच्या जागी बोट ठेवतात. बांबूसारखे पान, पेऱ्यांचे खोड, खोडाला वेढणारे आवरण ही साम्ये खरी आहेत, पण ती एकदल वनस्पतींत इतकी सर्वत्र पसरलेली आहेत की त्यांवरून जवळचे नाते ठरवता येत नाही. बारकाईने पाहिल्यास त्यांतच फरकही सापडतात. बहुतेक गवतांचे आवरण एका बाजूने उघडे असते, आणि पाते व आवरण यांच्या सांध्यावर आतल्या अंगाला एक पातळ पडदा किंवा केसांची झालर असते. उसाचे किंवा गहू-बाजरीचे पान हळूच मागे वाकवून पाहिले तर ती दिसते. फ्लॅजेलारियाचे आवरण बंद नळीचे असते आणि तसला पडदा तिला नसतो. बांबूचे पेरे पोकळ, हिचे भरीव. फुले तर गवताची आठवणही करून देत नाहीत. खोडाच्या टोकाला लहान पांढऱ्या फुलांचा फांद्याफांद्यांचा तुरा येतो. प्रत्येक फुलाला दोन वेढ्यांत मिळून सहा पाकळीवजा दले, सहा पुंकेसर आणि तीन कप्प्यांचा अंडाशय असतो. गवताच्या फुलात दले आकसून दोन-तीन सूक्ष्म खवल्यांपुरती उरली आहेत आणि फूल तुसांच्या आत लपलेले असते. फळही वेगळे. फ्लॅजेलारियाला वाटाण्याहून जरा लहान, पिकल्यावर लाल होणारे, आत सामान्यतः एकच बी असलेले गरयुक्त फळ येते, तर गवताचे फळ म्हणजे आपण ज्याला दाणा म्हणतो ते: फळाची साल आणि बियांचे कवच एकमेकांना पक्के चिकटलेले.

मग नाते दिसते कुठे? सूक्ष्मदर्शकाखाली. परागकणाला एकच गोल छिद्र आणि छिद्राभोवती उंच कडे, हे गवतांच्या परागकणाचे ठळक लक्षण फ्लॅजेलारियातही आहे. जॉइनव्हिलियाकडे आले की साम्य आणखी वाढते: पानाच्या पृष्ठभागावर आखूड व लांब पेशींच्या आळीपाळीने येणाऱ्या रांगा, ज्या गवतांच्या पानात हमखास असतात, त्या जॉइनव्हिलियात दिसतात आणि फ्लॅजेलारियात दिसत नाहीत. म्हणजे गवताची सगळी लक्षणे एकदम अवतरली नाहीत, टप्प्याटप्प्याने जमत गेली, आणि या लहान कुलांत त्यांतले काही टप्पे आजही जिवंत सापडतात. गवतांच्या सुमारे बारा हजार जाती आणि त्यांच्या शेजारी चार-पाच जातींचे हे कुल, असा विलक्षण असमतोल असूनही अभ्यासकांना या वेलीचे महत्त्व वाटते ते यामुळेच. गहू किंवा भात यांच्या जनुकांत एखादी रचना गवतांची खास आहे की त्याआधीपासूनची आहे, हे ठरवायला तुलनेसाठी गवताबाहेरची पण गवताजवळची वनस्पती लागते.

गवत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोकळे माळरान येते, म्हणून जंगलात झाडांवर चढणारी वेल त्याच्या नात्यात बसवणे जड जाते. पण गवतांच्या वंशवृक्षातील सर्वांत आधी फुटलेल्या शाखा आजही उष्ण प्रदेशातील जंगलांच्या सावलीत वाढतात आणि त्यांची पाने रुंद असतात. माळराने व्यापणारी गवते बरीच नंतरची. (एक्डिओकोलिएसी मात्र कोरड्या वाळूत राहतात, तेव्हा सगळे नातेवाईक सावलीतलेच, असे विधान करता येणार नाही.) गवतांच्या प्राचीनतेचा एक प्रसिद्ध पुरावा आपल्याच मुलखातला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे सापडलेल्या डायनासोरच्या अश्मीभूत विष्ठेत गवतांच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण ओळखले गेले आणि ते संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या कणांत भाताच्या गटाशी मिळतेजुळते प्रकारही होते. डायनासोर ६.६ कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाले, त्याआधीच गवतांच्या निरनिराळ्या शाखा झाल्या होत्या. अर्थात फ्लॅजेलारियाचा पूर्वज गवतांच्या पूर्वजापासून वेगळा झाला तो त्याच्याही आधी. बालासिनोरजवळ रैयोलीला डायनासोरचे अवशेष पाहायला वडोदऱ्याहून पुष्कळ लोक जातात. तेथील प्राणी नांदत होते त्या काळात या वेलीची वंशरेषा जगात कुठे ना कुठे होती, असे म्हणायला हरकत नाही.

या वेलीचे जे वैशिष्ट्य मला स्वतःला सर्वांत लक्षणीय वाटते, ते तिच्या फांद्या फुटण्याच्या पद्धतीत आहे, आणि छाटणी कशी करावी याचे आणि आपल्या रोप करण्याच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच दडलेले आहे. आपल्या ओळखीच्या जवळजवळ सर्व झाडांत फांदी पानाच्या बगलेतील डोळ्यातून फुटते. गुलाबाची किंवा जास्वंदाची छाटणी केली की खालचे डोळे जागे होतात आणि झाड भरगच्च होते. फ्लॅजेलारियाच्या जमिनीवरच्या खोडात असे बगलेतील डोळे नसतात. तिचे वाढते टोकच दुभागते, दोन सारख्या टोकांत विभागले जाते आणि दोन्ही स्वतंत्रपणे वाढू लागतात. पी. बी. टॉमलिन्सन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात ही गोष्ट टोकाचे सूक्ष्म छेद घेऊन दाखवून दिली. सपुष्प वनस्पतींत असे खरे द्विभाजन दुर्मिळ आहे. दीवला गेलेल्यांनी तेथील ‘होका’ नावाचे फाटे फुटलेले ताड पाहिले असतील. तेही याच रीतीने दुभागतात. आपल्या वेलीला जिथे फाटा फुटला असेल तिथे नीट पाहावे. दोन्ही फाटे सारख्या जाडीचे असतील आणि कोणताही एक फाटा पानाच्या बगलेतून निघालेला दिसणार नाही. कुंडीतल्या लहान वेलीला मात्र फाटा फुटायला बराच काळ लागू शकतो. तोपर्यंत एकच सरळ खोड वाढत राहिले तर त्यात काही दोष आहे असे समजू नये.

याचा व्यवहारातील अर्थ असा की या वेलीचा शेंडा खुडून ती दाट करता येत नाही. शेंडा गेला की त्या खोडाची वाढ तिथेच संपते. खालून नवे डोळे फुटणार नाहीत, कारण ते नसतातच. वडोदऱ्यातील कोणताही माळी सवयीने वेलीचा शेंडा मारतो, म्हणून त्याला आधीच सांगून ठेवावे लागेल. वेल फार लांब झाली तर कापण्याऐवजी कुंडीत चार बारीक काठ्या रोवून त्यांभोवती ती सैलपणे गोल फिरवावी. जंगलात ती दहा-पंधरा मीटरपर्यंत झाडांवर जाते, तेव्हा गॅलरीत तिला वर जाऊ देण्यापेक्षा वळवत ठेवणेच बरे. एखादे खोड जुने, विद्रूप झाले तर ते मधून न कापता मातीलगत कापावे. नवे कोंब जमिनीखालच्या आडव्या खोडातून येतात आणि तीच वेलीची खरी राखीव शक्ती आहे.

याच कारणाने मनी प्लँटप्रमाणे फांदी खोचून रोप तयार करण्याचा प्रयत्न करू नये. डोळा नसलेले खोड हिरवे राहील तेवढे दिवस राहील आणि वाळून जाईल. रोप करायचे तर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे कुंडीत पुरेसे कोंब झाल्यावर जमिनीखालच्या खोडाची विभागणी. प्रत्येक तुकड्याला मुळे, निदान एक उभे खोड आणि शक्य तर एक नवा कोंब असावा, आणि हे काम जूनच्या अखेरीस, हवा दमट झाल्यावरच करावे. दुसरा मार्ग बियांचा. पिकलेल्या लाल फळांचा गर धुऊन काढून बी ताजे असतानाच पेरावे. उगवण सावकाश होते, म्हणून काही आठवडे काही दिसले नाही तरी माती उकरून पाहू नये. वडोदऱ्यात कुंडीतल्या वेलीला फुले-फळे येतीलच, असा भरवसा मात्र मी देणार नाही.

वडोदऱ्यातील हवेचा विचार करता ही वेल येथे जगू शकते, परंतु तिला दोन गोष्टींचा त्रास होतो: कोरडी हवा आणि पाण्यात विरलेले क्षार. हिवाळा आपल्याकडे तिला मारण्याइतका कडक नसतो. जानेवारीत वाढ थांबते एवढेच. खरी कसोटी एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत असते, जेव्हा पारा चाळिशीच्या वर जातो आणि दुपारी उन्हाच्या झळा गॅलरीत शिरतात. अशा हवेत कोणत्याही नाजूक पानाची टोके आधी करपतात. इतर झाडांत टोक करपले तर शोभा जाते, फ्लॅजेलारियात टोक करपले तर आधार जातो, कारण टोक हाच तिचा चढण्याचा अवयव आहे. करपलेला तणावा पुन्हा हिरवा होत नाही. त्या पानाने जर आधी काही धरलेले नसेल तर पुढे धरणारही नाही, आणि सगळ्या खोडाचा भार वरच्या नव्या पानांवर पडतो. म्हणून उन्हाळ्यात वेल उत्तरेकडच्या किंवा पूर्वेकडच्या गॅलरीत, हिरव्या जाळीच्या सावलीत ठेवावी, भोवती पाणी पिणाऱ्या इतर कुंड्या दाटीने मांडाव्यात आणि सकाळ-संध्याकाळ पानांवर बारीक फवारा मारावा. फवाऱ्याने लाल कोळीही आटोक्यात राहतो, जो कोरड्या उष्णतेत अशा पानांच्या खालच्या बाजूला चटकन वाढतो. एअर कंडिशनरच्या बाहेरच्या यंत्राजवळ कुंडी ठेवणे म्हणजे तिला भट्टीच्या तोंडाशी ठेवणे होय.

पाण्याविषयी लोकांचा एक गैरसमज असतो. ही वेल खाजणातील कांदळवनांच्या मागच्या बाजूला वाढते, तेव्हा तिला खारे पाणी चालत असेलच, असा तर्क केला जातो. ती वाढते तिथे पाऊस भरपूर पडतो आणि क्षार सतत धुतले जातात. कुंडीत ते साठत जातात. बोअरचे जड पाणी वर्षभर घातले तर मातीवर पांढरा थर दिसू लागतो आणि त्यानंतर पानांची टोके पिवळट तपकिरी होतात. शक्य असेल तर नळाचे पाणी वापरावे, आणि पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवून माती एकदा पावसाच्या पाण्याने चांगली धुऊन निघू द्यावी. नुसती काळी माती वापरू नये. ती ओली असताना चिकट होते आणि वाळली की भेगाळून मुळे तोडते. बागेची साधी माती, कुजलेले शेणखत, नारळाच्या भुशाचा चुरा आणि थोडी जाड वाळू असे सैल मिश्रण करावे. मिश्रण सदैव ओलसर असावे, पण तळाशी पाणी साचू नये. पसरट कुंडी खोल कुंडीपेक्षा चांगली, कारण जमिनीखालचे खोड आडवे पसरते. खताचा अतिरेक करण्याचे कारण नाही. पावसाळ्याच्या आरंभी आणि सप्टेंबरात मूठभर गांडूळखत पुरे होते.

आधार कोणता द्यावा, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही, आणि वेल ‘चढत नाही’ अशी तक्रार बहुतेक वेळा त्यामुळेच निर्माण होते. पानाच्या टोकाचा हा तणावा अरुंद आणि आखूड असतो. त्याला पेन्सिलीपेक्षा बारीक वस्तूच धरता येते. मनी प्लँटसाठी विकत मिळणारे शेवाळाचे जाड खांब, भिंत, पाण्याचा पाइप यांना तो वेढा घालू शकत नाही. जंगलात ही वेल शेजारच्या झाडांच्या डहाळ्या आणि पानांचे देठ धरत वर जाते. आपण सुतळी, तारेची जाळी किंवा तुरीच्या वाळलेल्या काटक्या द्याव्यात. काटक्या सर्वांत उत्तम, कारण त्यांना निरनिराळ्या दिशांनी फाटे असतात. पकडलेला तणावा सोडवून वेल दुसरीकडे हलवू नये. तो सोडवताना बहुधा तुटतो आणि तुटला नाही तरी पुन्हा घट्ट पकड घेत नाही. म्हणून वेलीला सुतळीने गॅलरीच्या कठड्याशी बांधण्याऐवजी आधार कुंडीतच रोवावा, म्हणजे उन्हाळ्यात सावलीकडे नेताना आधारासह कुंडी उचलता येईल.

आपल्या आप्तांपैकी आणखी कोणाला ही वेल हवी असल्यास केरळातील रानातून किंवा खाजणातून उपटून आणू नये. रोपवाटिकेत कुंडीत रुजलेले रोपच घ्यावे. आणताना ते उभे ठेवावे आणि शेंडा मोडणार नाही याची विशेष काळजी घ्यावी, कारण शेंडा मोडला तर नवा कोंब मातीतून वर येईपर्यंत वाट पाहण्यावाचून दुसरा उपाय नसतो. रोप मागवण्याची योग्य वेळ म्हणजे जूनचा शेवट: पुढचे तीन महिने हवा दमट राहते आणि पुढचा उन्हाळा येईपर्यंत मुळांना कुंडीत बसायला अवधी मिळतो.